गालापुरतं हसू

कोंडिराम खिल्लाऱ्यांनी त्या दिवशी सकाळी दोनदा दाढी केली. पहिल्यांदा रोजच्यासारखी, अंघोळीच्या आधी. दुसऱ्यांदा मुलाने सांगितलं म्हणून. "पप्पा, गालावर सेन्सर चिकटवायचेत. खुंट राहिले तर सिग्नल नीट येत नाही," असं बुद्धभूषण म्हणाला आणि ते पुन्हा आरशासमोर जाऊन बसले. मग इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात ठेवणीतले बूट.

"इंटरव्ह्यूला चाललाय का?" त्यांच्या बायकोने, वैजयंताबाईंनी विचारलं.

"चौतीस वर्षं लोकांच्या ऑफिसात गेलो. आज पोराच्या ऑफिसात चाललोय," कोंडिराम म्हणाले. "बरं दिसाया नको का?"

परभणी जिल्ह्यातून मुंबईला आलेले कोंडिराम फोर्टमधल्या एका विमा कंपनीत शिपाई होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. मीरा रोडला शांती नगरच्या एका सेक्टरमध्ये चौथ्या मजल्यावर वन रूम किचन, आणि एकुलता एक मुलगा इंजिनिअर. वैद्यकीय उपकरणांचा इंजिनिअर, म्हणजे नक्की काय, हे त्यांना सांगता येत नसे. कुणी विचारलं तर ते म्हणत, "माणसाच्या अंगात जी बारीक वीज असते ना, ती मोजतो आमचा भूषण."

आणि ते चुकीचंही नव्हतं. स्नायू हलला की त्यात अगदी सूक्ष्म वीज उठते. कातडीवर सेन्सर चिकटवला की ती टिपता येते. भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात बुद्धभूषणची कंपनी होती. खालच्या गाळ्यात स्टीलच्या पातेल्यांना पॉलिश करायच्या मोटारी दिवसभर घरघरायच्या आणि त्यांची घरघर वर येऊन सिग्नलमध्ये मिसळायची. त्या गोंगाटातून गालाच्या एका स्नायूची कुजबुज वेगळी काढणारं सर्किट बुद्धभूषणने आठ महिने खपून बनवलं होतं. ज्यांचं तोंड वाकडं झालंय अशा पेशंटसाठी ते बनवायचं, असं तेव्हा ठरलं होतं. उत्तनजवळच्या चौक गावची एक कोळीण तपासणीला यायची. तिचा अर्धा चेहरा सहा महिने हललाच नव्हता. एक दिवस पडद्यावरची रेघ जराशी उचलली गेली. "हल्ला का न्हाय?" तिने विचारलं, आणि "हल्ला!" म्हटल्यावर ती उरलेल्या अर्ध्या तोंडाने इतकी हसली की उजवीकडची रेघ पडद्याबाहेर गेली. त्या दिवशी बुद्धभूषणला आपण काहीतरी चांगलं करतोय असं वाटलं होतं.

पण पेशंटच्या मशीनला गुंतवणूकदार मिळेना. मग कंपनीचा मालक कौस्तुभ याने वाट बदलली. आता त्याच सेन्सरची गालाला लावायची पट्टी होणार होती, आणि ती दुकानातल्या, हॉटेलातल्या माणसांचं हसू मोजणार होती. किती खरं, किती वरवरचं. शंभरपैकी गुण. त्याला कौस्तुभने नाव दिलं होतं, 'स्मितांक'. नमुन्यासाठी सगळ्या वयाची माणसं हवी होती. साठीच्या पुढची मिळेनात, तेव्हा चाचण्यांचं काम बघणारी रुचिता म्हणाली, "भूषण, तुझ्या बाबांना घेऊन ये ना." तो घेऊन आला.

कौस्तुभ वाईट माणूस नव्हता. ऑफिसात सगळ्यांशी अरे-तुरे, चहा स्वतः जाऊन आणायचा, बुद्धभूषणला "आपल्या कंपनीचा मेंदू" म्हणायचा. म्हणून पुढे जे झालं ते बुद्धभूषणला कुणाला नीट सांगताही येत नसे. ज्याला सांगावं तो विचारायचा, "पण त्याने केलं काय?"

त्याने केलं ते असं. रुचिताने कोंडिरामांचे गाल स्पिरिटने पुसले, तीन जागी सेन्सरच्या जोड्या चिकटवल्या. गालावर, डोळ्याच्या खाली आणि भुवईवर. एक कानामागे. बुद्धभूषणने फॉर्म वाचून दाखवला आणि कोंडिरामांनी खिशातलं पेन काढून झोकात मराठी सही ठोकली. चेहरा सैल सोडा, मोठं हसा, कपाळाला आठ्या घाला, सगळं त्यांनी शाळकरी पोरासारखं मन लावून केलं. मग समोरच्या पडद्यावर छोटे छोटे व्हिडिओ लागले. एक शेळी स्कूटरच्या सीटवर चढून मालकाकडे बघत बसते, त्याला कोंडिराम खदाखदा हसले. "आमच्या गावाकडं अशीच होती एक," असं म्हणत डोळे पुसू लागले आणि रुचिता ओरडली, "काका, वायरी!" गालाची रेघ उसळली होती, डोळ्याखालचीही उसळली होती. चाचणी संपलीच होती.

तेवढ्यात कौस्तुभ दार उघडून आत आला.

कोंडिराम खुर्चीतून अर्धे उठले. वायरी ताणल्या गेल्या. आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

बुद्धभूषणने ते हसू आयुष्यात एकदाच पाहिलं होतं. तो सहावीत होता, कुठल्याशा फॉर्मवर साहेबांची सही हवी होती म्हणून वडील त्याला ऑफिसात घेऊन गेले होते. साहेबांनी दोघांना चाळीस मिनिटं दाराशी उभं ठेवलं. शेवटी मान वर करून "हां, क्या है?" म्हणाले तेव्हा वडील असेच हसले होते. घरी ते असं कधीच हसत नसत. त्याला वाटलं होतं, ते हसू त्या ऑफिसातच राहिलं, निवृत्तीच्या दिवशी वडील ते तिथेच ठेवून आले असतील.

"बसा काका, बसा! उठताय काय?" कौस्तुभ म्हणाला. मग त्याचं लक्ष पडद्याकडे गेलं. तो वाकला. "भूषण, हे बघ. गाल ऐंशी टक्के आणि डोळा? डोळा शून्य! अरे, असा स्वच्छ नमुना आपल्याला आधीच्या दहा लोकांत मिळाला नाही." त्याने आवाज खाली आणला. "मी बाहेर जाऊन परत येतो. तू मार्क कर."

तो बाहेर गेला, परत आला. "काका, पाणी घेणार?" हसू. गाल वर, डोळा सपाट. बुद्धभूषणने कीबोर्डवरची की दाबून त्या जागी खूण केली. कौस्तुभ पुन्हा गेला, पुन्हा आला. "काका, एसी जास्त नाही ना?" हसू. खूण. "काका, बोर नाही ना झालं?" हसू. खूण. पाचव्या वेळी रुचिता हळूच म्हणाली, "सर, पुरे ना." कौस्तुभ म्हणाला, "अजून दोनच गं." सात वेळा तो दारातून आला. सातही वेळा बुद्धभूषणने की दाबली. सातव्या खेपेला त्याला जाणवलं की आपलं बोट कौस्तुभच्या आधीच, दाराची कडी वाजताच खाली जातंय.

घरी परतताना शेअर रिक्षात कोंडिराम खुशीत होते. "साहेब चांगला आहे तुझा," म्हणाले. "सारखा येऊन विचारत होता."



तीन महिन्यांनी एका मोठ्या ज्वेलरची माणसं गाळ्यात आली. मुंबई-ठाण्यात त्यांची अकरा दुकानं होती, त्यातलं एक मीरा रोडला. बुद्धभूषणच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणारी स्वाती तिथेच काउंटरवर होती. दिवे मंद झाले, कौस्तुभ बोलू लागला, बुद्धभूषण लॅपटॉपपाशी उभं राहून स्लाइड पुढे ढकलत होता. खरं हसू म्हणून एका कॉलेजातल्या मुलीचा व्हिडिओ लागला. मग कौस्तुभ म्हणाला, "और अब ये देखिए. नमूना क्रमांक ग्यारह."

पडद्यावर भिंतीएवढे कोंडिराम होते. ओळख लपवायला म्हणून त्यांच्या कपाळावर काळी पट्टी ओढली होती. डोळे झाकले तर ते हसत नाहीत हे दिसलं नसतं, म्हणून पट्टी वर सरकवली होती. दार वाजतं, कोंडिराम अर्धे उठतात, हसतात. दार वाजतं, अर्धे उठतात, हसतात. सातही तुकडे एकापुढे एक जोडले होते आणि खाली रेघा धावत होत्या.

तिसऱ्या तुकड्याला ज्वेलरकडची एक बाई हसायला लागली. "हमारे आधे स्टाफ का यही है," ती म्हणाली. शेजारचा म्हणाला, "ये अंकलजी तो एकदम अपने वॉचमन जैसे हैं." मग सगळेच हसले. कौस्तुभही, पाहुण्यांना साथ द्यावी इतपत.

"नेक्स्ट, भूषण," तो म्हणाला.

बुद्धभूषणने स्लाइड पुढे ढकलली.

पाहुणे गेल्यावर तो कौस्तुभच्या केबिनमध्ये गेला. "सर, ते माझे वडील आहेत."

"हो रे, माहितीये ना मला." कौस्तुभला खरंच कळलं नाही. मग कळलं. "अरे, तू मनाला लावून घेतलंस? नाव कुठे दिलंय आपण? आणि फॉर्मवर सही आहे त्यांची. संशोधन आणि संबंधित कामांसाठी. तूच तर वाचून दाखवलास."

"असं दाखवायचं म्हणून नव्हती दिली त्यांनी."

"भूषण, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. चौतीस वर्षं एकसारखं करणं हे कौशल्य आहे. मी तर कौतुकाने दाखवतो." त्याने बुद्धभूषणच्या खांद्यावर हात ठेवला. "डील झालंय. तुझ्या सर्किटमुळे झालंय. आज तरी चेहरा पाडू नकोस."

पुढच्या रविवारी दुपारी कोंडिराम बाहेरच्या खोलीत टेबलावर चादर टाकून इस्त्री करत होते. बुद्धभूषणने आठवडाभर वाक्य जुळवलं होतं, पण बाहेर आलं ते भलतंच. "पप्पा, तुमचं हसणं ते लोक खोट्याचा नमुना म्हणून दाखवतात."

कोंडिरामांनी बाही फिरवून घेतली. "कुठलं?"

"कौस्तुभ सर आत आले तेव्हाचं."

"मग ते खोटंच होतं की." त्यांनी इस्त्री फिरवली. "पण मशीनला कसं कळलं म्हणतो मी?"

बुद्धभूषणने सांगितलं. माणूस मनापासून हसला की गालाबरोबर डोळ्याभोवतीचा स्नायूही ओढला जातो. गाल आपल्या हुकमात असतो. डोळ्याचं तसं नसतं, बहुतेकांना तो मुद्दाम हलवता येत नाही.

"अन् माझा?"

"नाही हलला."

"सातीही वेळा?"

बुद्धभूषणने मान वर केली. "तुम्ही मोजलं होतं?"

"मंग? दारातनं कोण किती वेळा आलं हे बघण्यात माझा जन्म गेला. तो काय करत होता ते मला कळत न्हाई व्हय?" त्यांनी इस्त्री उभी केली, स्विच बंद केला. "म्हटलं, बघू द्या. पोराचं काम आहे." मग ते थोडं पुढे झुकले. "डोळा एकदाबी नाही हलला?"

"एकदाही नाही. सपाट रेघ."

कोंडिराम मागे टेकून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं ते पाहून बुद्धभूषण गोंधळला. "गाल दिला त्यांना," ते म्हणाले. "दिला. रोज दिला. चौतीस वर्षं. देशपांडे साहेब, मेहता साहेब, तो नायर, सगळ्यांना दिला. डोळा नाही दिला. मला वाटायचं, हे एक मलाच माहिती. मशीनमध्ये आलं म्हणतोस?" त्यांनी आत हाक मारली. "वैजू, ऐकलं का? मशीनमध्ये आलंय!"

"काय आलंय?" वैजयंताबाई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या.

त्या दिवशी वडील इतके खूश होते की बुद्धभूषणने स्वतःलाही माफ करून टाकलं. नाही तरी तो व्हिडिओ काढून टाका, असं कौस्तुभला म्हणायची त्याची हिंमत नव्हती. आता गरजच उरली नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

दिवाळीच्या आधी, दुकानात गर्दी सुरू व्हायच्या सुमारास, एका संध्याकाळी स्वाती वर आली. कामावरचीच गुलाबी साडी, केसांना जाळी. चप्पल न काढता दारातच उभी राहिली.

"भूषणदादा, ती गालाला लावायची पट्टी तुमच्याच कंपनीची ना?"

"हो. का गं?"

तिने मोबाइल पुढे केला. त्यावर तिचा रिपोर्ट होता. स्मितांक चौतीस. खाली शेरा: गालापुरतं हसू, सुधारणा आवश्यक. मराठी शेरे रुचिताने लिहिले होते. तिने ते एकदा बुद्धभूषणला वाचून दाखवले होते आणि तो म्हणाला होता, छान आहेत, सोपे आहेत.

"मला काउंटरवरून काढलं," स्वाती म्हणाली. "मागच्या खोलीत बसवलंय, टॅग बांधायला. सत्तरच्या वर स्कोअर आला की परत पुढे. सहा वर्षं झाली मला दादा, गिऱ्हाइकं माझं नाव घेऊन येतात. आठ तास उभी असते. कोणी 'ए, वो दिखा' म्हणतं, कोणी सतरा बांगड्या काढायला लावून तसंच निघून जातं. तरी मी हसते. कधी तोंड वाकडं केलं नाही. अजून काय पाहिजे यांना?"

बुद्धभूषण म्हणाला, "प्रॅक्टिस केली तर येतो वर स्कोअर." म्हणाला आणि त्यालाच ते ऐकवेना.

कोंडिराम आतून बाहेर आले होते. "काय मागतात गं?"

"म्हणतात, डोळे हसत नाहीत, काका."

"डोळा मागतात?"

"हो ना."

ती गेल्यावर कोंडिराम खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली भाजीवाल्यांचा गलका चालला होता. पाठ न वळवता त्यांनी विचारलं, "चौतीस म्हंजे नापास, सत्तर म्हंजे पास, हे कुणाच्या हसण्यावरनं ठरवलं?"

खोटं बोलता आलं असतं. "तुमच्या," बुद्धभूषण म्हणाला. "म्हणजे, बऱ्याच जणांच्या. पण खालची मर्यादा तुमच्या नमुन्यावरून बसवली. तो सगळ्यात स्वच्छ होता."

"तेवढं एक राहिलं होतं रे माणसाकडं," कोंडिराम म्हणाले. "ते काढून घ्यायचं मशीन केलंस."

"त्याला काय बोलताय?" वैजयंताबाई मध्ये पडल्या. "त्याला सांगितलं ते त्यानं केलं. नोकरी आहे."

"मीबी तेच केलं. नोकरीच होती." आता ते वळले. "पण मी माझं दिलं. दुसऱ्याच्या पोरीचं नाही दिलं."

त्याच आठवड्यात शनिवारी सकाळी कोंडिरामांनी फुलस्केप कागद मागितला आणि ऑफिसातल्या अर्जासारखा, समास सोडून, स्वतः अर्ज लिहिला. मी दिलेले माझ्या हसण्याचे नमुने मी परत घेत आहे. ते यापुढे कोणास दाखवू नयेत व त्यावरून कोणाचेही मोजमाप करू नये. कळावे. खाली सही.

"मी देतो नेऊन सरांना," बुद्धभूषण म्हणाला.

"नको. मी दिलं होतं, मीच परत मागणार."

सोमवारी ते दाढी न करता निघाले. पायात रोजच्या चपला. रिक्षात बुद्धभूषणच्या शेजारी ताठ बसून ते रस्त्याकडे बघत होते. भाईंदरचा फाटा आल्यावर म्हणाले, "आज हसायचं नाही. हातात कागद द्यायचा, वाचा म्हणायचं, उभं राहायचं. बसा म्हटला तरी बसायचं नाही."

"हो पप्पा."

"तू मध्ये बोलू नको."

"नाही बोलत."

कौस्तुभ केबिनमध्ये फोनवर होता. काचेतून त्याने त्यांना पाहिलं, फोन ठेवला आणि स्वतः दार उघडून दोन्ही हात पसरत बाहेर आला. "अरे काका! या या! आज इकडे कसे?"

कोंडिरामांनी कागद पुढे केला. हात ताठ होता. आणि त्या हाताच्या वर त्यांचा चेहरा हसला. दोन्ही गाल वर गेले, दात दिसले, मान किंचित खाली झुकली. बुद्धभूषण एका बाजूला उभा होता, त्याला सगळं दिसत होतं. वडिलांचा हात लागलीच गालाकडे गेला, तिथे काहीतरी चिकटलेलं आहे आणि ते काढायचं आहे अशासारखा. तरी गाल खाली येईनात.

कौस्तुभने अर्ज पूर्ण वाचला. "अर्थात काका," तो म्हणाला. "तुमचा हक्क आहे. मी आधीच विचारायला हवं होतं, माझंच चुकलं." त्याने रुचिताला बोलावलं आणि सर्वांसमोर अकरा नंबरची फाइल काढून टाकायला लावली. व्हिडिओ, रेघा, सगळं. दोन मिनिटं लागली. "झालं. पुन्हा कोणाला दिसणार नाही."

"आणि मर्यादा?" बुद्धभूषणने विचारलं.

कौस्तुभने त्याच्याकडे जरा थकल्यासारखं बघितलं. "ती दुकानांत गेलीय, भूषण. तुला माहितीये. आता तो फक्त एक आकडा आहे, त्यात काकांचं काही नाही." मग कोंडिरामांकडे वळून, "चहा घेणार ना काका? बसा."

"नको, थँक्यू साहेब," कोंडिराम म्हणाले. हसतच म्हणाले.

जिन्यात खालच्या गाळ्यातल्या मोटारींचा आवाज इतका होता की बोलणं शक्य नव्हतं. रिक्षात बसल्यावर कोंडिरामांनी गाल तळहाताने दाबून धरला होता, दाढ दुखत असल्यासारखा. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलंसुद्धा, "चाचा, दाँत में दर्द है क्या?"

गोल्डन नेस्टच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाले, "मी ठरवून गेलो होतो रे."

"माहितीये पप्पा."

"इतकी वर्षं मला वाटायचं, मी देतोय. वाटलं तर देतोय, नाही तर नाही." सिग्नल सुटला. "ते आपलं आपणच जात होतं."

बुद्धभूषणला वाटलं, सांगावं, ही स्नायूची सवय असते, हजारो वेळा केलं की मेंदूला विचारावंही लागत नाही, यात तुमचा दोष नाही. पण हे सगळं त्याला मशीनमुळे माहीत होतं. 

महिनाभराने त्याने नोकरी सोडली. कौस्तुभने अडवलं नाही, राग धरला नाही. केक कापला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या जागी आलेल्या मुलाला सेन्सर कुठे चिकटवायचे, खालच्या मोटारींचा आवाज कसा गाळायचा, हे बुद्धभूषणने नीट समजावून दिलं. आता तो एका कंपनीतर्फे हॉस्पिटलांमध्ये फिरून बिघडलेली मशिनं दुरुस्त करतो. वडिलांना त्याने तसं सांगितलं तेव्हा ते "बरं केलंस" म्हणाले, आणि पुढे काही विचारलं नाही. 'अंगातली वीज मोजतो' हेही ते आता कुणाला सांगत नाहीत.

स्मितांक मात्र चालला. अकराही दुकानांत लागला, मग एका हॉटेलात.

फेब्रुवारीत एका रविवारी स्वाती पेढे घेऊन आली. या वेळी चप्पल काढून आत आली, पंख्याखाली बसली. "दादा, एक्क्याऐंशी आला! मी परत काउंटरवर. आमच्या ब्रँचमध्ये दुसरा नंबर." तिने बुद्धभूषणच्या हातावर पेढा ठेवला, वैजयंताबाईंना दिला, कोंडिरामांना वाकून दिला.

"कसं काय जमलं?" कोंडिरामांनी विचारलं.

"सोपं आहे काका, उगाच घाबरले होते मी. ट्रेनिंगच्या मॅडमनी सांगितलं, गिऱ्हाईक समोर आलं की आपलं आवडतं माणूस आठवायचं. मी ओवीला आठवते, माझ्या भावाच्या मुलीला. दीड वर्षाची आहे. मला दारात बघितलं की दोन्ही हात वर करून 'आत्तू, आत्तू' करत पळत येते. तेवढंच डोळ्यांपुढे आणायचं. डोळे आपोआप होतात."

"दिवसातनं किती वेळा आठवतेस?"

"गिऱ्हाइकांवर आहे. शनिवार-रविवार शंभर तरी होत असतील."

"अन् घरी आल्यावर?"

"घरी आल्यावर काय?"

"ती आल्यावर. हात वर करून."

स्वातीने बॉक्सवरचा दोरा पुन्हा गुंडाळायला घेतला. दोनदा गाठ सुटली. "परवा आली होती तशीच," ती म्हणाली. "मी म्हटलं, थांब गं, नंतर. आत्तू दमलीय." मग कुणीही काही बोललेलं नसताना ती म्हणाली, "आठ तास उभं राहून दमायला होतंच ना, काका."

"होतं की," कोंडिराम म्हणाले.

अजून वरच्या मजल्यावर द्यायचे होते, म्हणून ती उठली. पेढा बुद्धभूषणच्या हातातच होता. ती दार ओढून घेईपर्यंत त्याने तो खाल्ला नव्हता.